मायक्रोवेव्ह चालतो, पण गरम करत नाही

रमजानचा शेवटचा अशरा होता. सहरीची वेळ संपायला अर्धा तास उरला असेल. रात्रीच खिमा करून फ्रिजमध्ये ठेवला होता. आम्ही वाडगा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि दोन मिनिटे लावली. आतला दिवा लागला, ताटली फिरू लागली, पंख्याचा आवाज आला, शेवटी नेहमीसारखी घंटीही वाजली. वाडगा बाहेर काढला तर खिमा होता तसाच थंड. वर गोठलेले तूपसुद्धा वितळले नव्हते. पुन्हा तीन मिनिटे लावली. तेच. मग गॅसवर कढई चढली आणि सहरी कशीबशी उरकली.

फजरनंतर आमचा भाचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन ओट्याशी उभा. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हात चांगला चालतो. घरातला मिक्सर आणि इस्त्री त्यानेच दुरुस्त केली होती. "मामू, मागे सात-आठ स्क्रू तर आहेत. मोबाइलवर व्हिडिओ बघितलाय. पिन काढून ठेवली की शॉक कसला बसणार?"

अम्मी तिथेच तसबीह घेऊन बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "राहू दे बेटा. माहीत नसलेल्या वस्तूत हात घालू नये. मेकॅनिकला बोलवा."

भाच्याला ते पटले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही वाटले, पिन काढल्यावर कसली भीती? पण अम्मींचा शब्द म्हणून तो थांबला. चार दिवसांनी मेकॅनिक आला आणि त्याने पत्रा काढल्यावर जे पाहिले, त्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. ईदच्या तोंडावर, पाहुण्यांच्या धावपळीत असा प्रसंग कोणाच्याही घरी येऊ शकतो. घरच्या घरी काय तपासता येते आणि कुठे थांबायचे, हे आधीच माहीत असलेले बरे.

पेटीच्या आत काय असते?

मायक्रोवेव्हमध्ये दिवा, ताटलीची मोटर, पंखा आणि बटणांचा बोर्ड हा एक भाग झाला. तो घरच्या साध्या विजेवर चालतो. अन्न गरम करणारा भाग वेगळा असतो. त्यात एक जड ट्रान्सफॉर्मर घरातल्या २३० व्होल्टचे सुमारे २००० व्होल्ट करतो. पुढे कपॅसिटर आणि डायोड मिळून ते सुमारे ४००० व्होल्टपर्यंत नेतात. एवढ्या दाबावर मॅग्नेट्रॉन नावाचा भाग सूक्ष्मलहरी तयार करतो. या लहरी सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा हेलकावतात. अन्नातले पाण्याचे कण त्यांच्याबरोबर हलतात आणि अन्न तापते.

मॅग्नेट्रॉन मुळात स्वयंपाकघरासाठी बनलाच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या शास्त्रज्ञांनी त्याला जे रूप दिले ते रडारसाठी. अमेरिकेतले पर्सी स्पेन्सर १९४५ मध्ये चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना त्यांच्या खिशातला खाऊ वितळला आणि त्यातून या ओव्हनची कल्पना निघाली, असे सांगतात. १९४७ चा पहिला व्यापारी ओव्हन माणसाच्या उंचीचा आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. आज तो ओट्यावर मावतो, पण आतला विजेचा दाब मात्र हजारो व्होल्टचाच आहे.

दोन भाग वेगळे असल्यामुळेच दिवा लागतो, ताटली फिरते आणि तरी अन्न थंड राहते. पहिला भाग ठीक असतो, दुसऱ्यात काहीतरी बिघडलेले असते. पण प्रत्येक वेळी बिघाडच असतो असे नाही. बऱ्याचदा कारण अगदी साधे निघते.

आधी हे पाहा

जळका वास, धूर, आत ठिणग्या, मोठा घरघराट, बाहेरच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या, वाकडे झालेले दार किंवा तडकलेली काच, यांपैकी एकही खूण असेल तर पुढचे काहीही करून पाहू नका. भिंतीवरचे बटण बंद करा, पिन काढा आणि ओव्हन तसाच ठेवा. झिणझिण्या येत असतील तर आधी ओल्या हाताने पिनला हात लावू नका. शक्य असेल तर एमसीबीच खाली करा. आत काही पेटले असेल तर दार उघडू नका. दार बंद राहिले की हवा मिळत नाही आणि आग आतच विझते.

असे काही नसेल, नुसतेच गरम होत नसेल, तर खालच्या गोष्टी क्रमाने पाहा. यातल्या एकाही कामाला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही.

१. मोड आणि पॉवर. ग्रिल आणि कन्व्हेक्शन असलेल्या ओव्हनमध्ये चुकून दुसराच मोड लागतो. ग्रिलवर दोन मिनिटांत वाडगाभर सालन गरम होणार नाही. घरात कोणी डिफ्रॉस्ट लावून ठेवलेले असते, किंवा पॉवर १०-२० टक्क्यांवर आणलेली असते. "मायक्रो" मोड आणि पूर्ण पॉवर निवडून पुन्हा पाहा.

२. डेमो मोड. काही ओव्हनमध्ये दुकानात दाखवण्यासाठी अशी सोय असते. वेळ उलटी मोजली जाते, दिवा लागतो, पण तापत काही नाही. मुलांनी बटणांशी खेळताना तो चालू होऊ शकतो. बंद कसा करायचा ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते. पाच मिनिटे पिन काढून ठेवून पुन्हा लावली, तर बोर्डाचा लहानसहान गोंधळही कधी कधी सुटतो.

३. दार. दाराच्या कडेला असलेल्या आकड्यांपैकी एखादा तुटला आहे का, खाचेत अन्नाचा कण किंवा चिकटा अडकला आहे का, ते पाहा. ओलसर फडक्याने पुसा आणि दार हलके पण पूर्ण लावा. दार नीट लागले नसेल तर लहरी सुरू होऊ नयेत म्हणून आत दोन-तीन स्विच बसवलेले असतात. खाचेत काडी, चमचा किंवा कागदाची घडी घालून ते स्विच दाबायचा प्रयत्न कधीही करू नका. तुमचे डोळे आणि हात त्या लहरींपासून वाचवण्यासाठीच ते आहेत.

४. विजेचा पॉइंट. साधा २० लीटरचा ओव्हन सुमारे १२०० वॅट वीज ओढतो, कन्व्हेक्शनचा त्याहून बराच जास्त. त्याला १६ अँपिअरचा मोठा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवे. एक्स्टेन्शन बोर्डवर किटली, फ्रिज आणि ओव्हन एकत्र असतील तर ओव्हनला पुरेसा दाब मिळत नाही. उन्हाळ्याच्या संध्याकाळी, इफ्तारच्या सुमाराला, वस्तीत एकदम भार वाढून व्होल्टेज उतरते. तेव्हा दिवा आणि ताटली चालते, पण अन्न कोमटच राहते. हीच तक्रार ठरावीक वेळीच येत असेल आणि पहाटे किंवा दुपारी सगळे ठीक असेल, तर ओव्हनऐवजी वायरमनला बोलवा. घरातल्या लहान इन्व्हर्टरवर मायक्रोवेव्ह लावू नका.

५. विश्रांती. सलग बराच वेळ वापरला, मागची जाळी भिंतीला टेकलेली असली, की ओव्हन आतून तापतो. काही मॉडेलमध्ये अशा वेळी उष्णतारोधक स्विच फक्त मॅग्नेट्रॉन बंद करतो. पिन काढून तासभर थंड होऊ द्या. मागे आणि बाजूला पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा ठेवा, वर फडकी आणि डबे रचू नका.

६. अभ्रकाचा तुकडा. आत उजव्या भिंतीवर बहुधा पुठ्ठ्यासारखा तपकिरी-करडा तुकडा दिसतो. तो अभ्रकाचा असतो आणि लहरी त्यातूनच आत येतात. त्यावर तेल-मसाला उडून साचला की तो जळतो आणि ठिणग्या पडतात. तो ओढून काढू नका. थंड ओव्हनमध्ये मऊ ओल्या फडक्याने पुसा. काळा पडून भोक पडले असेल तर वापर थांबवा आणि त्याच मापाचा नवा बसवून घ्या.

एका कपाची चाचणी

इतके पाहून झाल्यावर ओव्हन खरोखर तापतो का, हे ठरवायची सोपी रीत आहे. काचेचा किंवा चिनी मातीचा, सोनेरी कड नसलेला कप घ्या. त्यात पाव लीटर, म्हणजे २५० मिली, नळाचे पाणी भरा. मायक्रो मोडवर, पूर्ण पॉवरला, फक्त १ मिनिट लावा. धडधाकट ओव्हनमध्ये हे पाणी बोट बुडवता येणार नाही इतके तापते, म्हणून आधी वरून हात धरून वाफेचा अंदाज घ्या. पाणी कोमट झाले तर ओव्हन अशक्त आहे किंवा वीज कमी पडते आहे. मुळीच फरक नसेल तर लहरी तयारच होत नाहीत.

स्वयंपाकाचा तापमापक असेल तर आकडाही काढता येतो. १ लीटर पाण्याचे तापमान मोजा, पूर्ण पॉवरला १ मिनिट ठेवा, ढवळून पुन्हा मोजा. जितके अंश सेल्सिअस वाढले त्याला ७० ने गुणा. ७०० वॅटच्या ओव्हनमध्ये वाढ १० अंशांच्या आसपास हवी. ५ अंश आली तर तो निम्म्या ताकदीवर चालला आहे. तापाचा थर्मामीटर यासाठी वापरू नका.

दोन सावधगिरी. पाणी उगाच जास्त वेळ ठेवू नका. गुळगुळीत कपातले पाणी उकळी न दाखवताच उकळबिंदूच्या पुढे जाऊ शकते आणि चमचा घालताच अंगावर उसळते. दुसरे म्हणजे, रिकामा ओव्हन मायक्रो मोडवर कधीच चालवू नका. लहरी शोषायला आत काही नसले की त्या परत मॅग्नेट्रॉनवर येतात.

चाचणी चालू असताना आवाजाकडे लक्ष द्या. तापवायला सुरुवात होताना मंद "हूं" असा जड आवाज येतो, तो नेहमीचा. तो आलाच नाही, नुसताच पंखा ऐकू आला, तर ट्रान्सफॉर्मरपर्यंत वीज जात नसावी. आवाज नेहमीपेक्षा खूप मोठा आणि गुरगुरता असेल तर डायोड, कपॅसिटर किंवा मॅग्नेट्रॉनमध्ये दोष असण्याची शक्यता. तेव्हा लगेच बंद करा. कन्व्हेक्शन ओव्हनमध्ये ग्रिल तापतो आणि मायक्रो तापत नाही, असे असेल तर दोष बहुधा उच्च दाबाच्या भागात असतो. हे सगळे कागदावर टिपून ठेवा. मेकॅनिकला फोनवर नीट सांगता येते.

घरच्या माणसाचे काम इथे संपते.

पिन काढली तरी वीज आत असते

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. पिन काढल्यावर शॉक कसला?

कपॅसिटर म्हणजे विजेची टाकी समजा. नळ बंद केला तरी टाकीत पाणी राहते, तसा पिन काढल्यावरही त्यात हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो. बहुतेक कपॅसिटरमध्ये हा साठा हळूहळू जिरवणारा एक रोधक बसवलेला असतो. पण तोही बिघडू शकतो आणि बाहेरून बघून ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला मेकॅनिककडूनच कळली. चांगल्या ओव्हनमध्ये बंद करतानाही मॅग्नेट्रॉनची तार तापलेली असते, त्यामुळे साठ्याचा बराच भाग तिच्यातून निघून जातो. मॅग्नेट्रॉनची आतली तार तुटली असेल तर ती वाट बंद होते. म्हणजे जो ओव्हन गरम करत नाही आणि म्हणून आपण उघडायला निघतो, त्याच्यातच साठा शिल्लक राहण्याची भीती जास्त.

घरात आपण ज्यांच्यावर भरवसा ठेवतो त्या गोष्टी इथे कामाच्या नाहीत. खिशातला टेस्टर घरातल्या विजेसाठी असतो, हजारो व्होल्टसाठी नाही. रबरी चपला घालूनही उपयोग नाही, कारण एक हात ओव्हनच्या पत्र्याला आणि दुसरा आतल्या तारेला लागला की वीज छातीतूनच जाते. ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवले आहे म्हणूनही निर्धास्त होऊ नका. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला बसलेला शॉक त्याला कळतच नाही, मग ते ट्रिप कसे होणार? चालू ओव्हनचा पत्रा काढून आत डोकावणे तर जिवावरचेच आहे. ट्रान्सफॉर्मरच्या त्या बाजूचा प्रवाह हृदय थांबवायला पुरेसा असतो.

आमच्या मेकॅनिकने आधी पाण्याचा कप ठेवून ओव्हन अर्धा मिनिट चालवून पाहिला, आवाज ऐकला, मग पिन काढून ती स्वतःसमोर ठेवली. पत्रा उतरवल्यावर आम्हा सगळ्यांना चार पावले मागे जायला सांगितले. एक हात पाठीमागे घेतला आणि दुसऱ्या हाताने आपल्या खास हत्याराने कपॅसिटरमधला साठा मोकळा केला. चट्ट असा आवाज झाला आणि निळी-पांढरी ठिणगी उडाली. पिन तर कधीच निघालेली होती.

भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मेकॅनिक त्याला म्हणाला, "मॅग्नेट्रॉनची तार गेलीय आणि कपॅसिटरमधला रोधकही गेलाय. तू त्या पहाटे चालवून लगेच उघडला असतास तर हे तुझ्या बोटात आले असते." अम्मी आतल्या खोलीतून सगळे ऐकत होत्या. त्यांनी नुसते "अल्हम्दुलिल्लाह" म्हटले.

साठा मोकळा कसा करतात, ते आम्ही मुद्दामच इथे लिहीत नाही. ते शिकून, योग्य हत्यारे घेऊन, रोज करणाऱ्यानेच करावे.

मेकॅनिक आल्यावर

बोलावण्याआधी बिल आणि वॉरंटी कार्ड शोधा. अनेक कंपन्या पूर्ण ओव्हनला एक वर्षाची, पण मॅग्नेट्रॉनला त्याहून जास्त वर्षांची हमी देतात. आम्ही हे विसरलोच होतो. कार्ड सापडले, मॅग्नेट्रॉन हमीत निघाला आणि आम्हाला फक्त कपॅसिटर आणि मजुरीचे पैसे द्यावे लागले. पत्रा आपण उघडलेला असला तर अशी हमी नाकारली जाऊ शकते, तेही लक्षात ठेवा.

काम सुरू करण्याआधी खर्चाचा अंदाज विचारा. बदललेला जुना भाग मागून पाहा आणि पावती घ्या. दुरुस्तीनंतर तुमच्यासमोर कपाची चाचणी करायला सांगा. दार, बिजागरी आणि दाराभोवतीची पट्टी तपासून घ्या. लहरींची गळती दारापासून ५ सेंटीमीटरवर प्रति चौरस सेंटीमीटर ५ मिलीवॉटपेक्षा जास्त नसावी, असे मानक आहे. ती मोजायचे यंत्र अधिकृत सेवा केंद्राकडे असते. मोबाइल आत ठेवून रिंग वाजते का, या चाचणीने गळती कळत नाही. सेवा केंद्राने टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

ओव्हन फार जुना असेल आणि खर्च नव्याच्या निम्म्याहून पुढे जात असेल, तर आमच्या मते नवा घेतलेला बरा. पण जुना मुलांच्या हाती खेळायला देऊ नका. लोहचुंबकासाठी मुले मॅग्नेट्रॉन फोडतात. त्यातली चिनी मातीसारखी कडी काही जुन्या मॅग्नेट्रॉनमध्ये बेरिलियम ऑक्साइडची असते आणि तिची भुकटी फुफ्फुसांना घातक आहे. जुन्या ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी काढायचे व्हिडिओ फिरतात. त्या प्रयोगात माणसे दगावली आहेत. ओव्हन अखंड स्थितीतच अधिकृत ई-कचरा केंद्राला द्या.

आमची चूक

मेकॅनिकने शेवटी विचारले, "रिकामा चालवता का?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. आतून पुसल्यावर ओल जावी म्हणून दर आठवड्याला दोन मिनिटे रिकामाच लावत होतो. वर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर किटली आणि ओव्हन. "मग बिचारा किती टिकणार?" तो म्हणाला.

आता दार अर्धा तास उघडे ठेवून ओव्हन वाळवतो. त्याला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट घेतला. अन्नावर झाकण ठेवतो, म्हणजे मसाला अभ्रकावर उडत नाही. सोनेरी कडेच्या प्लेट आणि फॉइल आत जात नाहीत.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना शिकवली, देव न करो पण कधी लागलीच तर. कोणाला शॉक बसला तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला बाजूला करा. मात्र ओव्हनच्या उच्च दाबासमोर काठीचाही भरवसा नाही, तिथे वीज तोडणे हाच उपाय. मग १०८ किंवा ११२ ला फोन करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध जोराने आणि जलद दाब देत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. माणूस उठून बसला तरी डॉक्टरांना दाखवा.

ईदच्या सकाळी शीरखुर्म्याचे दूध त्याच ओव्हनमध्ये गरम झाले. भाच्यानेच वाडगा ठेवला आणि दार लावले. मेकॅनिकच्या दुकानात सुट्टीत काम शिकायला जायचे त्याने ठरवले आहे. अम्मींनी त्याला परवानगी दिली, पण एक अट घातली. घरातली कुठलीही पेटी उघडायची असेल तर आधी उस्तादाला विचारायचे.